काट्यावरचा आकडा आणि हातातली पावती

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातली गावं रिकामी व्हायला लागतात. गेवराई तालुक्यातल्या चकलांब्यासारख्या गावांतून टोळ्या निघतात, त्या ऊस तोडायला. तालुक्यात गढीला जयभवानी सहकारी साखर कारखाना आहे, तरी कितीतरी टोळ्यांची वाट सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडे आणि थेट कर्नाटकात जाते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, पिठाचे डबे, अंथरुणं, आणि त्यावर बसलेली माणसं. या सगळ्यांचा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. कोण कुठल्या टोळीत, कोणी किती उचल घेतली, हे त्या वहीवरून ठरतं. वहीत नाव नसेल तर फडात जागा नाही.

युनिक्स आणि लिनक्स या संगणकप्रणालींत अशीच एक वही असते. तिचं नाव '/इटीसी/ग्रुप'. (संगणकावर ही सगळी नावं रोमन लिपीत टंकावी लागतात, इथे मी ती उच्चाराप्रमाणे लिहितो.) साधी मजकुराची फाइल, एका ओळीत एक गट. समजा, एखाद्या कारखान्याच्या संगणकावर तोडणीचा हिशेब पाहणाऱ्यांचा एक गट केला, तर त्याची ओळ अशी दिसेल:

तोडणी:एक्स:१००५:सखाराम,गंगू,बाबू

विसर्गासारख्या दिसणाऱ्या खुणेने चार रकाने पाडले आहेत. पहिला गटाच्या नावाचा. दुसरा पासवर्डचा, तिथे आता नुसता 'एक्स' असतो, कारण खरा पासवर्ड असलाच तर तो वेगळ्या, कुलूपबंद फाइलीत ठेवतात. तिसरा रकाना गटाच्या क्रमांकाचा आणि चौथा सभासदांच्या नावांचा, स्वल्पविराम देऊन.

यातला क्रमांक महत्त्वाचा. डिस्कवरच्या प्रत्येक फाइलीवर तिच्या गटाची नोंद असते, पण ती क्रमांकाने. आपल्याकडे सातबाऱ्यावर जमीन गट नंबराने ओळखली जाते आणि घरात तिलाच 'वडाचं शेत' किंवा 'खालची पट्टी' म्हणतात, तसंच हे. 'एलएस' ही आज्ञा फाइलींची लांब यादी दाखवते तेव्हा क्रमांकाऐवजी गटाचं नाव दिसतं, कारण त्या आज्ञेने मध्येच ही वही उघडून १००५ म्हणजे कोण, ते विचारलेलं असतं. लॉगिन करणारा प्रोग्राम, बॅकअप घेणारा, छपाई सांभाळणारा, सगळे हीच वही चाळतात. बहुतेकांना उत्तर बरोबर मिळतं. ते उत्तर जपून कसं घ्यायचं, याचं हे प्रकरण.

सी भाषेत वही चाळायला तयार फलनं आहेत. नाव देऊन विचारायचं असेल तर 'गेटजीआरनॅम', क्रमांक देऊन विचारायचं असेल तर 'गेटजीआरजीआयडी'. दोन्ही फलनं आपल्याला एक पॉइंटर देतात, म्हणजे स्मृतीतल्या एका जागेचा पत्ता. त्या जागी 'स्ट्रक्ट ग्रुप' नावाची चौकट असते आणि तिच्यात ओळीतले चारही रकाने मांडून ठेवलेले असतात. सभासदांचा रकाना म्हणजे पत्त्यांची एक रांग. रांगेतला एकेक पत्ता एकेका नावाकडे नेतो आणि रांग कुठे संपली हे शेवटच्या रिकाम्या पत्त्यावरून, 'नल'वरून, कळतं.

आता कारखान्याच्या वजनकाट्यावर जाऊ. उसाची गाडी काट्यावर चढते, वरच्या फलकावर लाल आकडे उमटतात. गाडी उतरते, दुसरी चढते, आकडा बदलतो. फलक एकच. कोणी विचारलं, "अण्णा, मघाच्या गाडीचं वजन किती भरलं?" आणि अण्णांनी फलकाकडे बोट दाखवलं, तर समोर दिसेल ते आताच्या गाडीचं वजन. म्हणून तर पावती असते. पावतीवरचा आकडा पुढची गाडी चढली तरी पुसला जात नाही.

'गेटजीआरनॅम' आपल्याला पावती देत नाही, फलकाकडे बोट दाखवतं. ज्या जागेत ते उत्तर मांडतं ती जागा आपली नसते. ती सी लायब्ररीची, कायमची, सगळ्यांनी मिळून वापरायची असते. म्हणून ती 'फ्री' करायलाही, म्हणजे मोकळी करून परत द्यायलाही, सक्त मनाई आहे. आणि पुढचा कोणीही 'गेटजीआरनॅम', 'गेटजीआरजीआयडी' किंवा ओळीमागून ओळ वाचून देणाऱ्या 'गेटजीआरएंट'ला हाक मारेल, तेव्हा आधीचं उत्तर पुसलं जाऊ शकतं.

शिकणाऱ्या मुलांना मी हे एका चार ओळींच्या प्रोग्रामने दाखवतो. पहिल्या ओळीत 'तोडणी' गट विचारायचा आणि आलेला पत्ता 'अ' नावाने ठेवायचा. दुसऱ्या ओळीत 'वाहतूक' गट विचारून पत्ता 'ब' नावाने ठेवायचा. मग दोन्हींची नावं छापायची. लिनक्सवर दोनदा 'वाहतूक' छापलं जातं. 'अ' आणि 'ब' हे एकाच फलकाकडे दाखवणारे दोन हात आहेत. कंपायलर इशारा देत नाही, प्रोग्राम बंद पडत नाही, सगळं सुरळीत चाललेलं दिसतं. याच दोन गटांची तुलना करून कोणाला हिशेबाची फाइल उघडू द्यायची हे ठरणार असेल, तर निर्णय चुकीच्या यादीवर होतो आणि त्याचा कुठे मागमूसही राहत नाही.

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे चौकटीची नक्कल आपल्या चलात करून ठेवणं. तो अर्धाच उपाय आहे. चौकटीत नाव नसतं, नावाचा पत्ता असतो. नक्कल केली की पत्त्याची नक्कल होते. पावतीवर वजन लिहिण्याऐवजी 'फलक पाहा' असं लिहिल्यासारखं. पूर्ण नक्कल हवी तर गटाचं नाव, मग रांगेतला प्रत्येक सभासद, असं एकेक अक्षर आपल्या जागेत उतरवून घ्यावं लागतं.

एका वेळी एकच काम करणारा प्रोग्राम असेल तर हे काळजीपूर्वक जमवता येतं. पण एकाच प्रोग्रामात कामाचे अनेक धागे एकाच वेळी चालायला लागले की काळजीला अर्थ उरत नाही. माझ्या धाग्याने उत्तर मागितलं आणि वाचायला सुरुवात केली. अर्धं नाव वाचून होतं तोवर शेजारच्या धाग्याने दुसरा गट विचारला. आता माझ्या हातात अर्धं एकाचं, अर्धं दुसऱ्याचं. ही चूक हजार वेळा चालवून एकदाही दिसत नाही आणि ऐन गर्दीत दिसते. म्हणून १९९५ साली युनिक्ससारख्या प्रणालींच्या पोसिक्स मानकात धाग्यांचा समावेश झाला, तेव्हा अशा जुन्या फलनांना जोडीदार दिले गेले. त्यांच्या नावाअखेर '_आर' असतं. 'आर' म्हणजे पुनःप्रवेशक्षम: एक हाक पुरी व्हायच्या आत दुसरी आली तरी ज्याचं बिघडत नाही, असं.

'गेटजीआरनॅम_आर'ची पद्धत सरळ आहे. कागद तुमचा, लिहून ते देईल. त्याला पाच गोष्टी द्याव्या लागतात: कुठला गट हवा त्याचं नाव, आपली रिकामी चौकट, मजकूर उतरवायला आपली मोकळी जागा, त्या जागेची लांबी, आणि निकाल कळवण्यासाठी एका पॉइंटरचा पत्ता. नावं, सभासद, पत्त्यांची रांग, सगळं आपण दिलेल्या जागेत उतरतं. चौकटीतले पत्ते त्याच जागेकडे दाखवतात. म्हणजे ती जागा आपण 'फ्री' केली, किंवा 'रिअलॉक' करून दुसरीकडे हलवली, की चौकट पोकळ झाली. चौकट आणि मजकुराची जागा ही जोडी सोबतच जन्मते आणि सोबतच संपते, असं मनाशी ठरवून दोन्ही एकाच ठिकाणी सांभाळावीत.

प्रश्न उरतो लांबीचा. किती मोठा कागद द्यायचा? प्रणालीच्या मर्यादा सांगणाऱ्या 'सिसकॉन्फ' या फलनाला विचारलं तर ते एक आकडा सुचवतं. लिनक्सवरच्या जीलिबसी या लायब्ररीत तो १०२४ बाइट आहे. पुष्कळ पुस्तकांत आणि पुष्कळ चालत्या प्रोग्रामांत हा आकडा कमाल मर्यादा मानलेला दिसतो. तो ज्या नावाने विचारायचा त्या नावातच 'मॅक्स' आहे, त्यामुळे दोष वाचणाऱ्याचा एकट्याचा नाही. पण मानक स्पष्ट आहे: हा केवळ सुरुवातीला घ्यायचा आकडा. काही प्रणालींवर तर उत्तर उणे एक येतं, म्हणजे सांगण्यासारखी मर्यादाच नाही. ते उणे एक तसंच जागा मिळवून देणाऱ्या 'मॅलॉक'ला दिलं तर ते प्रचंड मोठी संख्या म्हणून वाचलं जातं.

१०२४ बाइटांत किती माणसं मावतील याचा हिशेब करून पाहू. सभासदाचं नाव सरासरी आठ अक्षरांचं धरलं तर ते आणि त्याच्या शेवटची खूण मिळून नऊ बाइट. चौसष्ट बिटांच्या यंत्रावर त्याचा पत्ता आणखी आठ. माणशी सतरा. साठच्या आसपास नावं झाली की कागद भरला. शाळेच्या प्रयोगशाळेत पन्नास मुलांच्या गटावर प्रोग्राम उत्तम चालतो, आणि वर्गात सत्तर मुलं आली की त्याच गटापुरता बंद पडतो. इतर गट चालूच असतात, म्हणून दोष गटात शोधला जातो.

लांबी बाइटांत मोजायची असते, अक्षरांत नाही, हे आपण मराठी माणसांनी विशेष लक्षात ठेवायला हवं. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि काना, अनुस्वार ही चिन्हं वेगळी मोजली जातात. 'चकलांबा' म्हणजे च, क, ल, काना, अनुस्वार, ब, काना: सात चिन्हं, २१ बाइट. रोमनमध्ये हेच नाव नऊ बाइटांत बसतं. लिनक्सवरची नेहमीची गट बनवणारी आज्ञा देवनागरी नाव सहसा स्वीकारत नाही, पण प्रोग्राम लिहिताना अक्षर म्हणजे बाइट असं गृहीत धरण्याची सवय एकदा लागली की ती पुढे सगळीकडे नडते.

मग करायचं काय? सुचवलेल्या आकड्यापासून सुरुवात करायची. उणे एक आलं तर स्वतःच १०२४ धरायचे. फलनाला हाक मारायची. जागा अपुरी पडली तर ते 'ई-रेंज' हा त्रुटी-क्रमांक परत देतं. मग जागा दुप्पट करून पुन्हा विचारायचं, पुरेपर्यंत. मात्र दुप्पट करण्यालाही एक हद्द घालावी, समजा काही मेगाबाइट; नाहीतर बिघडलेली एखादी नोंद प्रोग्रामकडून सगळी स्मृती खाऊन घेईल.

आणि आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. तलाठ्याकडे जाऊन आपण विचारलं, "भाऊसाहेब, माझं नाव यादीत आहे का?" तर उत्तरं तीन असू शकतात. आहे. नाही. किंवा, कपाटाची किल्ली आज नाही, यादी पाहता आली नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या उत्तरात जमीनअस्मानाचं अंतर आहे, आणि किती माणसांची कामं या दोन उत्तरांची गल्लत झाल्याने अडतात ते गावात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. 'गेटजीआरनॅम_आर' ही तिन्ही उत्तरं वेगळी देतं. परत आलेला आकडा शून्य आणि निकालाच्या पॉइंटरमध्ये आपल्या चौकटीचा पत्ता, म्हणजे सापडलं. आकडा शून्य, पण निकाल 'नल', म्हणजे असा गट नाही. आकडा शून्याखेरीज दुसरा, म्हणजे पाहता आलं नाही, आणि का ते त्या आकड्यात आहे.

जुनं 'गेटजीआरनॅम' मात्र 'नाही' आणि 'पाहता आलं नाही' या दोन्हीला 'नल'च देतं. तिथे हाक मारण्याआधी त्रुटी-क्रमांक ठेवणारं 'एररनो' शून्य करायचं आणि 'नल' आलं तर ते पुन्हा तपासायचं, अशी रीत आहे. तीही पूर्ण भरवशाची नाही. गट न सापडण्याबद्दल वेगवेगळ्या प्रणाली 'एररनो'मध्ये वेगवेगळे आकडे ठेवतात, हे लिनक्सच्या माहितीपानातच लिहिलं आहे.

या गल्लतीने काय होऊ शकतं ते पाहा. एका सर्व्हरवर 'बंदी' नावाचा गट आहे. त्यात ज्याचं नाव त्याला प्रवेश नाही. गर्दीच्या वेळी प्रोग्रामने इतक्या फाइली उघडून ठेवल्या आहेत की आणखी एक उघडायची मुभा उरलेली नाही. नेमका तेव्हा बंदीतला एकजण येतो. प्रोग्राम गटाची वही उघडू पाहतो, उघडत नाही, 'नल' येतं. लिहिणाऱ्याने 'नल' म्हणजे 'नाही' असं मानलेलं असतं. बंदीचा गटच नाही तर बंदी कसली, आणि दार उघडतं. अशा ठिकाणी पाहता आलं नाही तर दार बंदच राहिलं पाहिजे, मग दोन भल्या माणसांची थोडा वेळ गैरसोय झाली तरी चालेल.

वही आता नेहमी त्याच संगणकावर असते असंही नाही. मोठ्या महाविद्यालयांत, कचेऱ्यांत गटांची नोंद दुसऱ्याच कुठल्या तरी सर्व्हरवर, एलडॅपसारख्या निर्देशिकेत असते. कुठे कुठे आणि कुठल्या क्रमाने विचारायचं हे 'एनएसस्विच' नावाच्या फाइलीत लिहिलेलं असतं. म्हणून '/इटीसी/ग्रुप' स्वतः उघडून ओळी तोडत बसणारा प्रोग्राम घरच्या संगणकावर बरोबर आणि कचेरीत चूक ठरतो. लायब्ररीच्या फलनांतूनच विचारावं. त्यात जाळ्यावरून जावं लागत असल्याने 'पाहता आलं नाही' हे तिसरं उत्तरही आता रोजच्या रोज येण्यासारखं झालं आहे.

सगळी वही पहिल्या पानापासून वाचायची असेल तर 'सेटजीआरएंट', मग पुन्हा पुन्हा 'गेटजीआरएंट', शेवटी 'एंडजीआरएंट'. इथे 'गेटजीआरएंट_आर' आहे म्हणून निश्चिंत होऊ नये. कागद आपला असला तरी वहीतली खूण, कुठपर्यंत वाचून झालं ती, सगळ्या धाग्यांत एकच असते. दोन धागे एकाच वेळी वाचायला बसले तर काही पानं एकाला, काही दुसऱ्याला. शिवाय दूरच्या निर्देशिका पुष्कळदा पूर्ण यादी देतच नाहीत. 'एसएसएसडी' या सेवेत ती मुभा मुळात बंद ठेवलेली असते. एका गटासाठी सगळी वही चाळू नये, त्या गटाचं नाव घेऊनच विचारावं.

'हा माणूस या गटात आहे का' हा प्रश्न सोपा वाटतो: सभासदांची रांग वाचा, नाव आहे का बघा. पण लग्नाच्या आमंत्रणयादीत घरच्यांची नावं नसतात. प्रत्येक वापरकर्त्याचा एक मुख्य गट असतो आणि त्याची नोंद गटांच्या वहीत नव्हे, तर वापरकर्त्यांच्या वहीत, '/इटीसी/पासडब्ल्यूडी'मध्ये, चौथ्या रकान्यात असते. मुख्य गटाच्या सभासदयादीत त्याचं नाव बहुधा सापडतच नाही. सुरुवातीच्या युनिक्समध्ये माणूस एका वेळी एकाच गटात असे. गट बदलायला 'न्यूग्रुप' ही आज्ञा द्यावी लागे. एकाच वेळी अनेक गटांत राहण्याची सोय बर्कलीच्या ४.२बीएसडीने १९८३ साली आणली, पण मुख्य गट एका वहीत आणि बाकीचे, म्हणजे जोडगट, दुसऱ्या वहीत ही विभागणी तशीच राहिली.

दोन्ही जागा पाहून पूर्ण यादी देणारं फलन 'गेटग्रुपलिस्ट'. इथेही कागद आपला आणि मापाची तीच काळजी. जागा कमी पडली तर ते उणे एक देतं आणि किती हवी ते सांगतं. तेवढी घेऊन पुन्हा विचारायचं. जीलिबसीच्या २.३.३ आधीच्या आवृत्त्यांत खुद्द या फलनात दोष होता: दिलेली जागा संपली तरी ते लिहीतच जाई, शेजारच्या स्मृतीवर. मापाची चूक लायब्ररी लिहिणाऱ्या तज्ज्ञांकडूनही होते, म्हणून तिच्याबद्दल इतकं सांगतो आहे.

मूळ वापरकर्त्याचे, म्हणजे 'रूट'चे अधिकार घेऊन सुरू होणारा आणि मग ते सोडून साधा होणारा प्रोग्राम लिहीत असाल, तर क्रम पाळा: आधी 'इनिटग्रुप्स'ने जोडगट बदला, मग 'सेटजीआयडी'ने मुख्य गट, शेवटी 'सेटयूआयडी'ने वापरकर्ता. आधीच वापरकर्ता बदलला तर गट बदलायचा अधिकारच हातात उरत नाही आणि रूटचे गट अंगाला चिकटून राहतात. प्रत्येक हाकेचं उत्तरही तपासा, कारण अधिकार सोडायला सांगितलं म्हणजे ते सुटले असं नाही.

क्रमांकाबद्दल आणखी एक. गट पुसला तरी त्याच्या फाइली उरतात, १००५ हा क्रमांक अंगावर घेऊन. उद्या नवा गट काढला आणि त्याला मोकळा झालेला १००५ मिळाला, तर जुन्या तोडणीच्या हिशेबाच्या फाइली न मागता नव्या गटाच्या झाल्या. गट पुसण्याआधी त्याच्या फाइली शोधून त्यांची सोय लावणं हे काम सी प्रोग्रामाबाहेरचं, पण ते न केल्याची शिक्षा प्रोग्रामालाच होते.

चालू प्रोग्रामाच्या अंगावरचे गट लॉगिन झालं किंवा सेवा सुरू झाली त्या घडीचे असतात. वहीत नाव आज चढवलं, तरी ज्याने सकाळी लॉगिन केलं आहे त्याला ते लागू होत नाही. बाहेर पडून पुन्हा आत यावं लागतं. तीन महिने अखंड चालू असलेला सर्व्हर तीन महिन्यांपूर्वीचीच यादी अंगावर वागवत असतो. दसऱ्याला निघालेल्या टोळीत मध्येच कोणी घटतं, कोणी वाढतं. पाडव्याच्या सुमाराला ट्रॉल्या चकलांब्याला परतल्या की मुकादम वही उघडून एकेक नाव पुन्हा लावून घेतो.